विरूपित स्वर आणि त्याचे नियमन

ध्वनिवर्धन करणाऱ्या यंत्राकडून पुष्कळ वर्षे एकच अपेक्षा केली जात असे. जो ध्वनी आत गेला, तोच आकाराने मोठा होऊन बाहेर पडावा. त्याच्या रूपात मात्र तिळमात्र फरक होऊ नये. सभागृहातील वक्त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचविणारा वर्धक असो, की घरातील नभोवाणीसंच असो, त्याची प्रतवारी या एकाच कसोटीवर ठरत असे. रूपात जो फरक पडतो त्याला ‘विरूपण’ असे नाव आहे, आणि हे नावच दोषवाचक आहे. विरूपण शक्य तितके कमी करणे हे यंत्रज्ञाचे कर्तव्य मानले जाई.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील लोकप्रिय संगीतात या समजुतीस एक विलक्षण कलाटणी मिळाली. विजेवर चालणाऱ्या गिटारीचा सूर वर्धकाच्या मर्यादेपलीकडे ढकलला असता तो खरखरीत, दाट आणि दीर्घकाळ टिकणारा होतो, हे वादकांच्या ध्यानी आले. लिंक रे या गिटारवादकाने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रंबल’ या वाद्यरचनेसाठी ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला भोके पाडून असा सूर मिळविला. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोंट वरी’ हे गीत प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मुद्रणयंत्रातील एका वर्धकात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या खर्जाच्या गिटारीचा सूर फाटल्यासारखा उमटला. तो पुसून न टाकता तसाच ठेवण्यात आला. त्या ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी पुढे रेव्हिस हॉब्स यांच्यासह हाच परिणाम बुद्ध्या घडवून आणणारे ट्रान्झिस्टरांचे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. पायाने दाबावयाच्या त्या लहानशा पेटीवर दोन बटणे होती : एक आवाज कमी-अधिक करण्याचे आणि दुसरे विरूपणाचे प्रमाण ठरविण्याचे. विरूपित सुराची छटा बदलण्याची अथवा त्यात मूळ सूर मिसळण्याची सोय तिच्यात नव्हती.

ही उणीव लवकरच जाणवू लागली. दोषाचा गुण करावयाचा, तर त्यास मर्यादा घालता आली पाहिजे. विरूपणाच्या पेट्यांवर पुढे जी बटणे आली, त्यांपैकी दोहोंचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. एक ‘टोन’ म्हणजे स्वरछटेचे आणि दुसरे ‘मिक्स’ म्हणजे मिश्रणाचे. ही दोन्ही वरवर सारखीच वाटतात, कारण दोन्ही फिरविली असता आवाज सौम्य अथवा प्रखर होतो. परंतु त्यांचे तत्त्व अगदी भिन्न आहे. एकाने जे साधते ते दुसऱ्याने कधीही साधत नाही.

कापलेली लाट

गिटारीची तार छेडली असता तिच्याखालील चुंबकीय ग्राहकात एक सूक्ष्म विद्युत् दाब निर्माण होतो आणि तारेच्या कंपनाबरोबर तो धन व ऋण असा हेलकावत राहतो. हा दाब वर्धकाने मोठा करावयाचा आणि मग त्याच्या वाटेत दोन डायोड परस्परविरुद्ध दिशांनी जोडावयाचे, ही विरूपणमंडलाची सर्वांत साधी रचना होय. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत जवळजवळ निष्क्रिय असतो. त्याहून दाब वाढला की तो वीज वाहू देतो आणि दाब अधिक चढू देत नाही. एक डायोड धन बाजूस पहारा करतो, दुसरा ऋण बाजूस. परिणामी लाटेचे माथे आणि तळ दोन्ही सपाट कापले जातात. आत गेलेली लाट गोलाईदार टेकड्यांसारखी असेल, तर बाहेर येणारी लाट पठारांच्या रांगेसारखी दिसते.

लाटेचा आकार बदलला की कानाला काय ऐकू येते, या प्रश्नाचे उत्तर फ्रेंच गणिती फूरिये यांच्या १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील ग्रंथातील गणिताने मिळते. ठरावीक कालाने पुनःपुन्हा येणारी कोणतीही लाट अनेक साध्या लाटांच्या बेरजेने बनलेली असते, आणि त्या साध्या लाटांच्या कंपनसंख्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत असतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच उपस्वरांच्या प्रमाणावरून सुराचा रंग ठरतो, असे प्रयोगांनी दाखविले. सनई आणि बासरी एकाच पट्टीत वाजत असूनही निराळ्या ओळखू येतात, त्या यामुळेच.

समजा, सेकंदास २०० कंपने असलेला एक साधा सूर डायोडांनी इतका कापला की त्याची लाट चौकोनी झाली. गणित सांगते की, या चौकोनी लाटेत २०० बरोबरच ६००, १०००, १४०० अशा विषम पटींच्या कंपनांचे उपस्वर असतात. आणि मूलस्वराच्या तुलनेने त्यांचे मोठेपण अनुक्रमे एक-तृतीयांश, एक-पंचमांश, एक-सप्तमांश असे असते. सम पटींचे उपस्वर दोन्ही बाजू सारख्या कापल्यामुळे निर्माण होत नाहीत. एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दोन डायोड जोडून कापणी विषम केली, तर सम पटींचे उपस्वरही उमटतात. तात्पर्य, विरूपण म्हणजे काही मनमानी गोंगाट नव्हे. मूळ सुरात नसलेल्या, परंतु त्याच्याशी गणिती नाते असलेल्या स्वरांची ती भर आहे.

तंबोऱ्याची जवारी

भारतीय श्रोत्यास ही कल्पना सर्वस्वी अपरिचित नाही. तंबोऱ्याची घोडी सपाट कडेची नसून किंचित वक्र व रुंद असते, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली जाते. कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठास सतत स्पर्श करीत राहते आणि त्यामुळे उपस्वरांचा एक भरगच्च झंकार उठतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य सांगितले आहे. तार ज्या बिंदूशी छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद असतो तो उपस्वर उमटू नये, असा यंग व हेल्महोल्ट्स यांचा नियम होता. तंबोरा व वीणा यांत मात्र तोही उपस्वर स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांना आढळले. याचाच अर्थ, छेडण्याने न मिळालेले स्वर घोडीच्या स्पर्शाने मिळतात.

जवारी आणि डायोड यांचे कार्य तंतोतंत एक नाही. पण दोहोंच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी कंपनाच्या वाटेत अशी मर्यादा उभी केलेली असते की, लहान आंदोलन आणि मोठे आंदोलन यांना ती सारखी वागणूक देत नाही. फरक एवढाच की, तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते, तर गिटारीच्या सहाही तारांचा एकत्रित विद्युत् दाब एकाच डायोडांच्या जोडीतून जातो. या फरकाचे परिणाम मोठे आहेत.

दोन सूर एकत्र कापले असता केवळ त्यांचे उपस्वर निर्माण होत नाहीत, तर दोहोंच्या बेरजा-वजाबाक्यांतून तिसरेच स्वर उपजतात. सेकंदास २०० आणि ३०० कंपने असलेले षड्ज व पंचम एकत्र वाजविले, तर पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा होऊन १००, आणि दुसऱ्याच्या दुपटीतून पहिला वजा होऊन ४०० असे नवे स्वर मिळतात. हे दोन्ही षड्जच आहेत, एक खालच्या सप्तकातील व एक वरच्या. म्हणून विरूपित गिटारीवर षड्ज-पंचमाची जोडी भरीव आणि गोड वाटते, आणि वादक तिचाच आश्रय अधिक घेतात. याउलट, गिटारीच्या पडद्यांवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे तेथील गांधार २०० कंपनांच्या षड्जाशी सुमारे २५२ कंपनांचा येतो. या जोडीतून १४८ आणि ३०४ कंपनांचे स्वर निपजतात. त्यांचे षड्जाशी अथवा गांधाराशी काहीच सोयरसुतक नसते. सूर गढूळ होतो. हा गढूळपणा कसा आवरावा, हा वादकापुढचा खरा प्रश्न आहे.

स्वरछटेचे बटण

पहिला उपाय गाळण्याचा. स्वरछटेच्या बटणाखाली जे मंडल असते, ते मूलतः एक रोधक व एक संधारित्र यांचे बनलेले असते. संधारित्राचा धर्म असा की, कंपनसंख्या जितकी अधिक तितकी त्यातून वीज सुलभतेने वाहते. विरूपित संकेत रोधकातून पुढे न्यावयाचा आणि रोधकाच्या पलीकडील टोकापासून एक संधारित्र भूमीस जोडावयाचा, असे केले म्हणजे उच्च कंपनांचा बराचसा भाग संधारित्रातून भूमीकडे निघून जातो आणि मंद कंपने निर्वेध पुढे जातात. ज्या कंपनसंख्येशी संकेताचे मोठेपण मूळच्या सुमारे ७१ टक्के उरते, तिला सीमा-कंपनसंख्या म्हणतात. रोध व धारिता यांच्या गुणाकारास ६.२८ ने गुणून त्याने १ ला भागिले की ती मिळते.

एक हजार ओहमचा रोधक व ०.२२ मायक्रोफॅरडचा संधारित्र घेतल्यास ही सीमा सेकंदास सुमारे ७२० कंपने येते. आयबानेझ कंपनीच्या १९७९ सालच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या प्रसिद्ध पेटीत डायोडांनंतर याच मूल्यांची गाळणी आहे. वर उल्लेखिलेली २०० कंपनांची चौकोनी लाट या गाळणीतून गेली असता काय होते, ते पाहण्यासारखे आहे. मूलस्वराच्या तुलनेने तिसऱ्या पटीचा उपस्वर ३३ टक्के होता, तो २७ टक्क्यांवर येतो. पाचव्या पटीचा २० वरून १२ वर. आणि सातव्या पटीचा १४ वरून ७ वर. उपस्वर जितका उंच, तितकी त्याची छाटणी अधिक. सीमेच्या बऱ्याच वर गेल्यास कंपनसंख्या दुप्पट होताच संकेताचे मोठेपण निम्मे होते, असा या साध्या गाळणीचा नियम आहे.

रोधकाच्या जागी चलरोधक बसविला की गाळणीची सीमा हवी तशी सरकविता येते. ‘प्रोको रॅट’ या पेटीत १,५०० ओहमच्या स्थिर रोधकासमवेत १,००,००० ओहमचा चलरोधक आणि ३.३ नॅनोफॅरडचा संधारित्र असतो. बटण एका टोकास असता सीमा सुमारे ३२,००० कंपनांवर, म्हणजे मानवी श्रवणाच्या पलीकडे असते, आणि गाळणी असून नसल्यासारखी होते. दुसऱ्या टोकास सीमा सुमारे ४७५ कंपनांवर उतरते आणि सूर घोंगडीखाली झाकल्यासारखा होतो.

याहून निराळी एक युक्ती इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या, १९६९ मध्ये अवतरलेल्या ‘बिग मफ’ या पेटीत आढळते. तेथे विरूपित संकेतास दोन वाटा करून दिलेल्या असतात. एका वाटेवर मंद कंपने जाऊ देणारी गाळणी, तर दुसरीवर उच्च कंपने जाऊ देणारी. चलरोधकाची दोन टोके या दोन वाटांना जोडलेली असतात आणि मधला सरकता स्पर्शक ज्या बाजूस नेला त्या बाजूचा संकेत अधिक प्रमाणात उचलतो. ३९,००० ओहम व १० नॅनोफॅरड अशी मंद वाट, आणि २२,००० ओहम व ४ नॅनोफॅरड अशी उच्च वाट योजिल्यास पहिलीची सीमा सुमारे ४०० कंपनांवर व दुसरीची सुमारे १,८०० कंपनांवर येते. दोहोंच्या मधला प्रदेश कोणत्याच वाटेने पुरता जात नाही. म्हणून बटण मध्यावर ठेवले असता सेकंदास हजार कंपनांच्या आसपास एक दरी पडते. एकट्याने वाजविताना हा सूर भव्य वाटतो. परंतु वाद्यवृंदात तो हरवून जातो, कारण गिटारीची ओळख पटविणारा मधला पट्टाच दरीत गेलेला असतो.

गाळणी आधी की नंतर?

गाळणी डायोडांच्या अगोदर ठेवावी की नंतर, हा प्रश्न क्षुल्लक नाही. नंतरची गाळणी निर्माण झालेल्या उपस्वरांपैकी कोणते ऐकू यावेत, एवढेच ठरविते. अगोदरची गाळणी मात्र कशाचे विरूपण व्हावे, हेच ठरविते. खर्जाची मोठी आंदोलने डायोडांपर्यंत जशीच्या तशी पोचू दिली, तर लाटेचा माथा सदैव त्यांच्यामुळेच कापला जातो आणि वरच्या तारांची बारीक आंदोलने त्या पठारावर नाहीशी होतात. म्हणून ‘ट्यूब स्क्रीमर’ मध्ये डायोड असलेल्या वर्धकापाशी ४,७०० ओहम व ०.०४७ मायक्रोफॅरड यांची योजना केली आहे. तिच्यामुळे सेकंदास सुमारे ७२० कंपनांच्या खाली वर्धन क्रमाने घटत जाते. खर्ज कमी कापला जातो आणि सूर मोकळा राहतो.

या प्रश्नाचे महत्त्व संगीतापुरते मर्यादित नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या घरघराटात बिनतारी संदेश ऐकू यावा म्हणून बोलण्याच्या लाटेचे माथे कापून तिची सरासरी शक्ती वाढविण्याचा विचार पुढे आला. असे केल्याने शब्द समजतील काय, याचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठात जे. सी. आर. लिकलायडर यांनी केला. १९४८ साली त्यांनी व अर्विन पोलॅक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलणे इतके कापले होते की लाटेचा केवळ धन-ऋण बदल तेवढा शिल्लक उरला होता. तरीही पुष्कळसे शब्द ऐकणाऱ्यांना कळले. कापण्यापूर्वी उच्च कंपनांना उठाव दिला असता तर जवळजवळ सर्वच शब्द ओळखता आले. उलट, कापण्यापूर्वी मंद कंपनांना उठाव दिला असता समजण्याचे प्रमाण फार घटले. व्यंजनांची ओळख उच्च कंपनांत दडलेली असते, आणि कापणीपूर्वी त्यांचे रक्षण केले नाही तर नंतर कोणत्याही बटणाने ती परत आणता येत नाहीत.

हाच या विषयातील मध्यवर्ती मुद्दा होय. गाळणी वजाबाकी करू शकते, असलेल्या अंशास उठाव देऊ शकते. परंतु कापलेल्या माथ्याचे मूळ रूप तिला ठाऊक नसते. तसेच, १४८ कंपनांचा उपरा स्वर ज्या पट्ट्यात येतो, त्याच पट्ट्यात गिटारीचे खरे स्वरही असतात. गाळणीने एकास काढावयाचे म्हटले की दुसराही जातो. स्वरछटेचे बटण कितीही कौशल्याने फिरविले तरी गढूळपणा झाकला जातो, नाहीसा होत नाही.

मिश्रणाचे बटण

दुसरा उपाय येथे सुरू होतो. मिश्रणाच्या मंडलात मूळ संकेतास डायोडांच्या आधीच फाटा फोडलेला असतो. एक शाखा विरूपणातून जाते, दुसरी अबाधित राहते. पुढे दोन्ही शाखा चलरोधकाच्या दोन टोकांस येऊन मिळतात आणि मधला स्पर्शक दोहोंतून हव्या त्या प्रमाणात संकेत उचलतो. बटण एका टोकास असता केवळ मूळ सूर, दुसऱ्या टोकास केवळ विरूपित सूर आणि मध्ये दोहोंची बेरीज. जे कापले गेले ते परत आणण्याचा खटाटोप येथे नाही. कापण्यापूर्वीची प्रत शेजारी सांभाळून ठेवलेली असते.

याचा सर्वांत स्पष्ट लाभ खर्जाच्या गिटारीस होतो. तिच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदास सुमारे ४१ असते. विरूपणमंडलातील संधारित्र इतक्या मंद कंपनांस बहुधा पुढे जाऊ देत नाहीत आणि वाद्याचा पायाच ढासळतो. मूळ संकेत मिसळला की पाया जागेवर राहतो आणि विरूपणाने मिळालेली धार वर चढते. सहा तारांच्या गिटारीवर स्वरसमूह वाजवितानाही मूळ सुरातील प्रत्येक स्वर निखळ ऐकू येतो. उपरे स्वर असतात, पण त्यांचे वर्चस्व राहत नाही.

मिश्रणाचे प्रमाण बटणावर जरी स्थिर दिसले, तरी कानाला ते स्थिर नसते, ही यातील एक मनोरंजक गोष्ट आहे. तार छेडताच मूळ संकेत, समजा, १ व्होल्ट असतो आणि तार शांत होता होता तो ०.१ व्होल्टवर येतो. विरूपित संकेत मात्र डायोडांनी ०.६ व्होल्टवर रोखलेला असतो, आणि वर्धन पुरेसे असेल तर तार बरीच शांत होईपर्यंत तो तेथेच राहतो. समसमान मिश्रणात छेडण्याच्या क्षणी मूळ सूर वरचढ ठरतो. पुढे हळूहळू विरूपित सूर त्यावर मात करतो. म्हणजे आघात स्वच्छ आणि शेपूट दाट, असा एकाच सुराचा प्रवास ऐकू येतो. केवळ स्वरछटेच्या बटणाने हे घडणे शक्य नाही.

बटण नसतानाही काही मंडलांत मिश्रण दडलेले असते. ‘ट्यूब स्क्रीमर’ मध्ये डायोड वर्धकाच्या परतीच्या वाटेवर बसविलेले आहेत. तेथील रचनेमुळे बाहेर पडणारा दाब हा मूळ दाब अधिक डायोडांनी कापलेला दाब, असा असतो. मूळ सुराचा एक अंश त्यात आपोआप टिकून राहतो. १९९४ साली अवतरलेल्या ‘क्लॉन सेंटॉर’ या पेटीत विरूपण वाढविणाऱ्या बटणाखाली दोन चलरोधक एकाच दांड्यावर बसविलेले असतात. एक विरूपित शाखेस चढवितो, तेव्हाच दुसरा मूळ शाखेस उतरवितो.

कलेचा घोळ

दोन संकेतांची बेरीज नेहमी मोठीच येते, असे नाही. दोन झोके एकाच वेळी पुढे आले तर त्यांची गती मिळते. एक पुढे आणि एक मागे जात असेल तर ती फिटते. लाटेच्या या वेळेच्या नात्यास भौतिकीत ‘कला’ म्हणतात. कित्येक वर्धक संकेत मोठा करतानाच त्याची दिशा उलटवितात. धनाचे ऋण होते आणि ऋणाचे धन. विरूपित शाखेत अशा उलटविणाऱ्या पायऱ्यांची संख्या विषम असेल, तर मिश्रणाच्या वेळी अनर्थ ओढवतो.

०.६ व्होल्टवर कापलेल्या चौकोनी लाटेतील मूलस्वराचे मोठेपण सुमारे ०.७६ व्होल्ट असते. मूळ शाखेतील साधा सूरही नेमका ०.७६ व्होल्ट असून दिशा उलट असेल, तर समसमान मिश्रणात २०० कंपनांचा मूलस्वर पूर्णपणे फिटून जातो. ६००, १००० कंपनांचे उपस्वर तेवढे उरतात. सूर दाट होण्याऐवजी पातळ व पोकळ होतो. बटण दोन्ही टोकांस उत्तम आणि मध्यावर निःसत्त्व, असा अनुभव आला की हे कारण प्रथम तपासावे. उलटविणारी आणखी एक पायरी जोडली म्हणजे दोष दूर होतो.

स्वरछटेचे बटणही या व्यवहारात हस्तक्षेप करते. साधी गाळणी आपल्या सीमेवरील कंपनास एका आवर्तनाच्या एक-अष्टमांशाने मागे रेटते, आणि सीमेच्या फार वर एक-चतुर्थांशाने. अशा दोन गाळण्या एकापुढे एक असतील तर उच्च कंपने जवळजवळ उलट होऊन बसतात. म्हणून विरूपित शाखेतच स्वरछटेचे बटण असेल, तर ते फिरविताच मिश्रणाचा स्वभावही बदलतो. दोन्ही शाखा एकत्र आल्यानंतर गाळणी ठेविल्यास हा गुंता टळतो. पण मग मूळ सूरही गाळला जातो. दोहोंपैकी काय पत्करावे, हे वाद्य आणि प्रसंग पाहून ठरवावे लागते.

आजकाल विरूपण संगणकावर अंकांच्या गणितानेही केले जाते. तेथे रोधक नाहीत, संधारित्र नाहीत. तत्त्व मात्र तेच आहे. गणितास वेळ लागतो आणि विरूपित शाखा मागे पडते. हा विलंब सेकंदाचा एक सहस्रांश जरी असला, तरी सरळ बेरजेत ५००, १,५००, २,५०० अशा कंपनसंख्यांशी दोन्ही शाखा परस्परविरुद्ध येतात आणि कंगव्याच्या दातांप्रमाणे सुरात फटी पडतात. चांगली योजना म्हणजे मूळ शाखेसही तितकाच विलंब लावणे.

शाळेतील प्रयोग

या साऱ्याची प्रचीती शाळेच्या प्रयोगशाळेत अल्प खर्चात घेता येते. नऊ व्होल्टची बॅटरी, एक लहान वर्धक, दोन सिलिकॉनचे डायोड, काही रोधक, दोन संधारित्र आणि दोन चलरोधक एवढे साहित्य पुरे. संकेताचे चित्र आंदोलनदर्शकावर, अथवा तो नसल्यास संगणकावरील तशा विनामूल्य साधनावर पाहावे. प्रथम साधा सूर द्यावा आणि माथे सपाट होताना पाहावेत. मग स्वरछटेचे बटण फिरवून पठाराच्या कडा गोल होताना पाहाव्यात. शेवटी मिश्रणाचे बटण फिरवून पठारावर पुन्हा टेकडीचा उंचवटा उगवताना पाहावा. गोल झालेली कडा आणि परत आलेला उंचवटा यांतील भेद डोळ्यांनी एकदा पाहिला की शब्दांची गरज उरत नाही. मात्र चौकोनी लाटेत शक्ती अधिक असते आणि तिच्या उच्च उपस्वरांनी लहान ध्वनिक्षेपक व कान या दोहोंस इजा पोचू शकते. म्हणून आवाज नेहमी मंद ठेवूनच आरंभ करावा.

दोष आणि गुण यांतील सीमारेषा पुष्कळदा प्रमाणाची असते. ज्या बिघाडाबद्दल एके काळी वर्धक दुरुस्तीस पाठविला जाई, तोच आज पायाखालच्या पेटीत मुद्दाम बसविला जातो. परंतु प्रमाण राखण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात : जे निर्माण झाले आहे त्यातून निवड करणे आणि जे गमावले आहे ते मूळ ठिकाणाहून पुन्हा आणणे. पहिले काम गाळणीचे, दुसरे मिश्रणाचे. गाळणीला कितीही विनविले तरी ती दुसरे काम करीत नाही; आणि मूळ प्रत आधीच बाजूस काढून ठेवली नसेल, तर मिश्रणाच्या बटणाजवळही देण्यासारखे काही नसते. गायकाचा स्वर मुद्रित करणारा असो, नभोवाणीवरून दूरच्या गावी शब्द पोचविणारा असो, की जुन्या ध्वनिमुद्रिकांचे जतन करणारा असो, अबाधित प्रत प्रथम राखावी आणि मग हवे ते संस्कार करावेत, हा नियम त्या सर्वांना सारखाच लागू आहे.